मुंबईत मोटरसायकल शिकताय? आधी हळू चालवायला शिका

मोटरसायकल शिकायची म्हटलं की मुंबईत पहिला प्रश्न ठरलेला: "गाडी कुठली घेतोस?" सराव कुठे करणार, क्लचची सवय आहे का, हे विचारणारे विरळा. मग साडेतीनशे सीसीची, दोनशे किलोच्या घरातली गाडी बुक होते आणि पहिल्याच आठवड्यात सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर आडवी पडते. लेग गार्ड वाकतो, क्लचची दांडी मोडते, आणि शिकणाऱ्याच्या मनात भीती बसते ती वेगळीच.

या शहरात गाडी बराच वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच असते. संध्याकाळी सात वाजता कुर्ल्याला एलबीएस मार्गावर इंजिनाच्या ताकदीचा काही उपयोग नाही. तिथे लागतो क्लचवरचा ताबा, मागच्या ब्रेकवरचा हलका पाय आणि माणूस चालतो त्या वेगातही न ढळणारा तोल. साठच्या वेगाने सरळ जाणं लवकर जमतं, कारण वेगात गाडी स्वतःला सावरून धरते. ताशी सहा किलोमीटरने, मागे माणूस बसवून, दोन रिक्षांच्या मधून जायला मात्र कसब लागतं. नवशिक्याने पहिले दोन महिने हळू चालवण्यालाच द्यावेत, असं माझं ठाम मत आहे.

शिकायला १०० ते १२५ सीसीची साधी गाडी घ्या. वजन ११०-१२० किलो, सीटची उंची ८०० मिलिमीटरच्या आत. बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकले पाहिजेत. अशी गाडी पडली तर एकट्याला उचलता येते आणि तिचे पार्ट नाक्यावरच्या गॅरेजमध्येही मिळतात. जुनी मिळाली तर जास्तच चांगलं, कारण शिकताना ओरखडे पडणारच.

जुनी गाडी बघायला गेल्यावर आधी इंजिनाजवळ हाताची मागची बाजू नेऊन बघा. इंजिन गरम लागलं तर मालकाने ते आधीच सुरू करून ठेवलंय असं समजा आणि थंड झाल्यावर पुन्हा या. थंड इंजिन सुरू होतानाच खरी परीक्षा होते. सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जळतंय, म्हणजे पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेले, खर्च मोठा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, तो दोष बहुधा कमी पैशांत निघतो. मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मधोमध खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्याची बेअरिंगं, बदलावा लागणार. पुढच्या शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ दिसतो का ते बघा. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या दातेरी चकतीचे, दाते एका बाजूला आकड्यासारखे वळले असतील तर चेन किट संपलं. चेसिस नंबर आरसीशी जुळवा, परिवहनच्या संकेतस्थळावर थकलेली ई-चलानं तपासा. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. "नंतर करू" म्हणून हे ठेवलं की चलानं जुन्या मालकाच्या नावावर जात राहतात आणि भांडणं सुरू होतात.

लायसन्सचं थोडक्यात सांगतो. अर्ज परिवहन खात्याच्या सारथी संकेतस्थळावर करायचा, प्रकार निवडताना "गिअरची मोटरसायकल" निवडायची. वय १८ पूर्ण हवं. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. पत्त्याप्रमाणे ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली आरटीओ. शिकाऊ असताना पुढे-मागे पांढऱ्यावर लाल "एल" लावायचा आणि शिकवणाऱ्याखेरीज कुणालाही मागे बसवायचं नाही. चाचणीत आठचा आकडा काढायला लावतात. हळू चालवायचा सराव असेल तर त्यासाठी वेगळी तयारी लागत नाही.

आता क्लच. मोटरसायकलीत एकाआड एक घर्षणाच्या आणि लोखंडी प्लेटा असतात, तेलात बुडालेल्या आणि स्प्रिंगांनी दाबून धरलेल्या. दांडी ओढली की दाब सुटतो आणि इंजिन चाकापासून वेगळं होतं. दांडी पूर्ण सोडली की प्लेटा घट्ट बसतात. या दोन टोकांच्या मध्ये काही मिलिमीटरचा पट्टा असा असतो की प्लेटा थोड्या घसरतात आणि थोडी ताकद पुढे पाठवतात. मेकॅनिक त्याला हाफ क्लच म्हणतो. शिकायचं आहे ते या काही मिलिमीटरमध्येच.

सपाट, मोकळी जागा शोधा. इंजिन सुरू, पहिला गिअर, दोन्ही पाय जमिनीवर. अ‍ॅक्सिलरेटरला हात लावायचा नाही. चारही बोटांनी दांडी धरून अगदी सावकाश सोडत या. एका क्षणी इंजिनाचा आवाज किंचित खाली बसेल आणि गाडी पुढे सरकायला बघेल. तिथेच हात थांबवा. गाडी सरकू लागली की दोन्ही पायांनी जमिनीवरून चालत दहा मीटर जा, मग दांडी ओढून थांबा. बोटांना ती जागा न बघता सापडेपर्यंत हेच करत राहा. अर्धा तास पुरतो. त्यानंतर थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्या आणि पाय वर घ्या.

इथे चूक होते ती ठरावीक. दांडी एकदम सुटते, गाडी उडी मारते, शरीर मागे झुकतं आणि मागे जाताना उजवं मनगट अ‍ॅक्सिलरेटर आणखी उघडतं. गाडी भिंतीवर जाते ती अशी. उपाय मनगटात आहे: मूठ धरताना मनगट मुठीच्या पातळीच्या किंचित खाली ठेवा आणि कोपर सैल सोडा, म्हणजे झटका बसला तरी मूठ पिळली जात नाही. शिवाय पहिले काही दिवस "काहीही झालं तरी क्लच ओढायचा" एवढं एकच शरीरात भिनवा. क्लच ओढलेल्या गाडीला इंजिन पुढे ढकलू शकत नाही.

दांडीच्या टोकाला १० ते १५ मिलिमीटर मोकळी हालचाल हवी, तिला फ्री प्ले म्हणतात. ती नसेल तर दांडी सोडूनही क्लच थोडा दाबलेलाच राहतो, प्लेटा घसरतात, झिजतात, आणि चढावर इंजिन ओरडतं पण गाडी जात नाही. ती फार असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. गिअर टाकताना खाडकन आवाज येतो आणि न्यूट्रल सापडता सापडत नाही. क्लच वायरच्या टोकाला अ‍ॅडजस्टर असतो. लॉकनट सैल करून तो हातानेही फिरवता येतो.

पुढची पायरी हळू चालवण्याची. पहिल्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर किंचित देऊन स्थिर ठेवा, वेग हाफ क्लचने सांभाळा आणि त्याच वेळी मागचा ब्रेक अगदी हलका दाबून धरा. इंजिन पुढे ओढतं, ब्रेक मागे धरतो आणि या ताणात गाडी सरळ उभी राहते. दहा मीटर अंतर दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लावून, पाय न टेकवता पार करा. वळताना पुढचा ब्रेक पूर्ण वर्ज्य. हँडल वळलेलं असताना तो दाबला की पुढचा शॉकअप बसतो आणि गाडी आतल्या बाजूला धाडकन पडते. पार्किंगमध्ये पडलेल्या बहुतेक गाड्या अशाच पडतात. आणि नजर जिथे जायचंय तिथे ठेवा. पुढच्या चाकाकडे बघणाऱ्याचा तोल जातो, खड्ड्याकडे बघणारा खड्ड्यातच जातो.

वेगात मात्र पुढचाच ब्रेक मुख्य. ब्रेक लागला की वजन पुढे येतं, मागचं चाक हलकं होतं. नुसता मागचा ब्रेक दाबला तर ते चाक घसरतं आणि गाडी आडवी फिरते. पुढचा ब्रेक हिसका न देता दाबत न्यायचा, आधी हलका, वजन पुढे आल्यावर जोरात. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे, त्याखालच्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस यंत्रणा. म्हणजे वर सांगितलेल्या शिकाऊ गाडीला एबीएस बहुधा नसणार, तेव्हा बोटांनाच ते काम शिकवावं लागेल. थोडं गणित बघा: ताशी ४० ला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, ६० ला जवळपास १७. चांगल्या कोरड्या डांबरावर नीट ब्रेक लावला तर ४० वरून थांबायला साधारण ९ मीटर लागतात, ६० वरून २०, आणि रस्ता ओला असेल तर ६० वरून ३५ च्या आसपास. त्यात भानावर येऊन ब्रेक दाबेपर्यंतचा एक सेकंद मिळवा. ओल्या रस्त्यावर साठने जाणाऱ्याला एकूण पन्नास मीटर हवेत, आणि पन्नास मीटर मोकळा रस्ता मुंबईत कितीदा मिळतो ते तुम्हीच आठवा.

शहरातले काही धोके नेहमीच्याच जागी बसलेले असतात. स्टॉपवर थांबलेल्या बेस्टच्या बसला डावीकडून ओलांडू नका, प्रवासी थेट चाकासमोर उतरतात. उभ्या टॅक्सीच्या रांगेपासून दाराच्या रुंदीएवढं, म्हणजे मीटरभर अंतर ठेवा. डंपरच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. मेट्रोच्या कामाजवळ टाकलेल्या लोखंडी प्लेटा, उड्डाणपुलांचे लोखंडी सांधे, पेव्हर ब्लॉक आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओले झाले की गुळगुळीत होतात. त्यांच्यावरून जाताना गाडी सरळ उभी, ब्रेक सुटलेला आणि अ‍ॅक्सिलरेटर स्थिर हवा. सिग्नलला थांबताना मागची गाडी थांबेपर्यंत पहिला गिअर आणि क्लच तयार ठेवा, आरसा बघत राहा. ती थांबली की न्यूट्रल करा, नाहीतर दीड मिनिटाच्या सिग्नलला क्लच दाबून धरायची सवय लागते आणि हात व क्लचची वायर दोन्ही दमतात.

दुचाकीला कुठे जाता येत नाही ते आधीच पाठ करा: वांद्रे-वरळी सागरी सेतू, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे, जेजे उड्डाणपूल, अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग. मॅपमध्ये दुचाकीचा पर्याय निवडलेला असेल तरी पाटी वाचा. चुकून चढलात तर वाटेत यू-टर्न मारायला जागा नसते.

पावसाबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण मुंबईत शिकलेली गाडी चार महिने पावसातच चालते. सगळ्यात वाईट पहिला पाऊस. उन्हाळाभर साचलेलं तेल आणि रबराची भुकटी पहिल्या सरीत वर येते आणि रस्ता साबण लावल्यासारखा होतो. दोन-तीन मोठ्या सरींनी तो धुऊन निघतो; तोवर सर आली की पहिला अर्धा तास गाडी बाजूला लावून थांबलेलं बरं.

साचलेलं पाणी हा दुसरा विषय. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, किंग्ज सर्कलचं गांधी मार्केट ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. नियम साधा ठेवा: रस्त्याचा दुभाजक किंवा फुटपाथची कड दिसत नसेल, किंवा पाणी चाकाच्या मध्यावर येत असेल, तर जायचं नाही. पाण्याखाली उघडं मॅनहोल असू शकतं. जावंच लागलं तर पहिला गिअर, अ‍ॅक्सिलरेटर थोडा चढता आणि स्थिर, वेग हाफ क्लचने सांभाळायचा, मध्येच मूठ सोडायची नाही. सायलेन्सरमधून हवा सतत बाहेर पडत राहिली तर पाणी आत शिरत नाही. पुढे जाणाऱ्या बसच्या लाटेत घुसू नका. एअर फिल्टर सहसा सीटखाली असतो आणि लाट तिथपर्यंत पोचते.

गाडी पाण्यात बंद पडली तर स्टार्टर दाबू नका. घाईत माणूस इथेच चुकतो आणि हजारो रुपयांना पडतो. पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलत कोरड्या जागी आणा. सायलेन्सरमधलं पाणी काढायला पुढचं चाक उंच जागेवर चढवा. एअर फिल्टर उघडून बघा. भिजलेला असेल तर गॅरेजशिवाय पुढे जाऊ नका. प्लगचा पाना असेल तर प्लग काढा आणि अंग भोकापासून बाजूला ठेवून किक मारा. आत पाणी असेल तर फवारा बाहेर येतो. शेवटी इंजिन ऑइलची काच किंवा डिपस्टिक तपासा. तेल दुधाळ, चहाच्या रंगाचं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. ते बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. पाण्यातून बाहेर आल्यावर ड्रम ब्रेक पकडत नाहीत, म्हणून शंभरेक मीटर ब्रेक हलका दाबत जाऊन त्यांना वाळवा.

रेनकोट दोन भागांचा, जॅकेट-पँटचा घ्या. पोंचो वाऱ्याने फुगतो आणि त्याची कड मागच्या चाकात जाते. ओढणी आणि साडीच्या पदराचंही तेच. साडी गार्ड दिसायला बरा नाही म्हणून काढून टाकणारे बरेच असतात. काढू नका.

हेल्मेट आयएसआय खुणेचं, आयएस ४१५१ मानकाचं, पूर्ण चेहरा झाकणारं असावं आणि मागे बसणाऱ्यालाही हवं. गालांना घट्ट बसलं पाहिजे, कारण आतली गादी काही आठवड्यांत सैल होतेच. दुकानातच एक चाचणी करा: पट्टा लावा आणि हेल्मेटची मागची कड धरून पुढे ढकला. डोक्यावरून निघून आलं तर ते तुमचं हेल्मेट नाही. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून ठीक दिसलं तरी बदला; आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबतो. मुंबईच्या दमटपणात आतलं अस्तर काढून धुता येणारं असावं. जाळीचं जॅकेट, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट हे पुढच्या महिन्यांच्या पगारातून घेतलं तरी चालेल. हेल्मेट पहिल्या दिवशी.

देखभालीत चेनला पहिला मान. खारी हवा आणि पाऊस यामुळे ती इथे लवकर गंजते. कोरड्या दिवसांत दर ५०० किलोमीटरला, पावसात त्याच्या निम्म्यावर रॉकेलने पुसून चेन ल्यूब किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल लावा. पेट्रोलने धुऊ नका, चेनच्या सांध्यांत ओ-रिंग असतील तर त्यांचं रबर खराब होतं. इंजिन बंद करूनच हे काम करा. चालू इंजिनावर चाक फिरवत कापड धरणाऱ्याची बोटं स्प्रॉकेटमध्ये सापडतात. मग ताण बघा. चेनच्या खालच्या बाजूच्या मध्यावर बोटाने वर-खाली करा, हालचाल २० ते ३० मिलिमीटर असावी; नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर असतो. चाक थोडं थोडं फिरवून चार-पाच जागी मोजा आणि जिथे चेन सगळ्यात घट्ट लागते तिथला आकडा धरा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. पूर्ण कव्हर असलेल्या गाड्यांत खालच्या बाजूला रबरी बूच असतं, ते काढून बघता येतं. फार घट्ट चेन बेअरिंगं खाते. फार ढिली चेन स्प्रॉकेटवरून उतरून मागचं चाक जाम करू शकते. अ‍ॅडजस्ट करताना दोन्ही बाजूंचे नट सारखेच फिरवा आणि स्विंगआर्मवरच्या खुणा जुळवा. एका बाजूला एक खूण जास्त गेली तरी चाक तिरकं बसतं आणि स्प्रॉकेट एकाच अंगाने झिजतं.

इंजिन ऑइल डब्यावर जेएएसओ एमए किंवा एमए-२ (मोटरसायकलच्या तेलाचं जपानी मानक) लिहिलेलंच घाला. कारच्या तेलात घर्षण कमी करणारी द्रव्यं असू शकतात आणि मोटरसायकलचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. प्लेटा घसरायला लागतात. हवा आठवड्याला एकदा, टायर थंड असताना भरा. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या टायरचा आकडा वेगळा असतो.

आता माणसांबद्दल. मोटरसायकलवाल्यांचं जग आपल्याकडे गाड्यांच्या आठवणींवर उभं आहे: १९५५ पासून मद्रासला जुळणी सुरू झालेली बुलेट, म्हैसूरची जावा-येझदी, १९८५ ची हीरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १००, २००१ ची आपल्या पुण्याची पल्सर. नवख्याने यातलं काही चालवलेलं नसलं तरी बिघडत नाही. जुन्या गाडीवाल्याला "हिचं पॉइंटचं टायमिंग (प्लगची ठिणगी पडायची वेळ) कसं बसवता?" एवढं विचारा, तो तासभर मनापासून सांगेल. सायलेन्सर काढून गल्लीत आवाज करणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नका. ते बेकायदा आहे, आणि त्या आवाजामुळे रस्त्यावरचे लोक सगळ्याच मोटरसायकलवाल्यांवर चिडतात.

गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेटवर जाणाऱ्या बायका बघितल्या असतील. तिथे ढोलपथकाच्या चालीने गाडी पुढे न्यायची असते, म्हणजे सगळा खेळ हाफ क्लचचा. हवेवर थंड होणारं इंजिन अशा वेगात तापतं आणि क्लच वास मारायला लागतो. मिरवणूक थांबली की न्यूट्रल करून इंजिन बंद करणं हाच त्यावर इलाज. दसऱ्याला गाडीची पूजा करताना झेंडूचा हार हँडलला घट्ट बांधा, खाली लोंबता ठेवू नका. तो ब्रेकच्या वायरीत किंवा पुढच्या चाकात अडकतो.

पहिल्या बाहेरच्या फेऱ्या छोट्या असाव्यात. मार्वेहून होडीत गाडी घालून मनोरी आणि पुढे गोराई, नाहीतर भाऊच्या धक्क्यावरून गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीने मांडवा आणि तिथून अलिबाग. होडीत गाडी पहिल्या गिअरमध्ये स्टँडवर लावा, न्यूट्रलमध्ये नको. महामार्गाची सवय झाली की पनवेल-खोपोलीमार्गे जुन्या पुणे रस्त्याने बोरघाट चढा. शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबून इंजिनाला दम घेऊ द्या. घाटाची वाट दाखवणाऱ्या त्या धनगराच्या देवळाशी हात जोडल्याशिवाय जुने ड्रायव्हर पुढे जात नाहीत. उतरताना ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा, म्हणजे इंजिन वेग धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. माळशेज पहिल्या पावसाळ्यात टाळा: धुकं, दरडी आणि धबधब्यापाशी रस्त्यातच थांबलेली माणसं हे तिन्ही तिथे एकदम समोर येतात.

ग्रुपबरोबर निघाल तेव्हा पेट्रोलची टाकी घरूनच भरून आणा. वीस गाड्या एका पंपावर रांग लावतात तेव्हा पाऊण तास जातो. पुढे वाट दाखवणारा आणि सगळ्यात मागे अनुभवी माणूस, मध्ये नवखे, शक्यतो वाट दाखवणाऱ्याच्या मागोमाग. सरळ रस्त्यावर आलटून पालटून डावी-उजवी बाजू धरायची: आपल्याच बाजूच्या, नेमक्या समोरच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर, तिरक्या गाडीपासून एका सेकंदाचं. घाटात आणि वळणांवर एका रांगेत. पुढच्याने पाय बाहेर काढला तर त्या बाजूला खड्डा आहे. तुम्हीही पाय काढून मागच्याला सांगा. जिथे रस्ता बदलायचा तिथे कडेला, मागची गाडी आरशात दिसेपर्यंत थांबायचं, म्हणजे कुणी चुकत नाही. आणि कुणाचा वेग तुम्हाला झेपत नसेल तर पहिल्याच थांब्यावर स्पष्ट सांगा. चांगला ग्रुप त्यावर वेग कमी करतो. जो करत नाही त्याच्याबरोबर पुढच्या रविवारी जाऊ नका.